कार्ल्याची मैत्री आणि करिंथची प्रीती

कार्ले-भाज्याची लेणी पाहून परतणाऱ्या उपासक-उपासिकांच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येतो. ख्रिस्ती धर्म हा प्रेमाचा धर्म म्हणून जगभर ओळखला जातो. मग आपला धम्म दुःखापासूनच का आरंभ करतो, आणि त्यात प्रेमाला स्थान कोठे आहे? प्रश्न विचारणाऱ्याच्या नात्यागोत्यात पुष्कळदा एखादे ख्रिस्ती घर असते. नगरकडील कित्येक गावांत तर एकाच भावकीतले एक घर रविवारी देवळात जाते आणि दुसरे पौर्णिमेला विहारात. म्हणून हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. तो घरातला आहे, आणि त्याचे उत्तर देताना शेजारच्या धर्माची थट्टा करून भागत नाही, तसेच सर्व धर्म अखेर एकच सांगतात असे म्हणूनही भागत नाही.

मावळ तालुक्यात बसून हा प्रश्न विचारावा यालाही एक औचित्य आहे. लोणावळ्यापासून दहा-अकरा किलोमीटरवर, मळवली स्थानकाच्या उत्तरेस, कार्ल्याचा चैत्य उभा आहे. बहुतेक विद्वान त्याचे खोदकाम इसवी सनाच्या पहिल्या शतकात ठेवतात. त्याच शतकात, साधारणतः ५४-५५ च्या सुमारास, पौल नावाच्या एका ज्यू प्रचारकाने ग्रीसमधील करिंथ या बंदराच्या शहरी एक पत्र पाठविले. ख्रिस्ती शास्त्रात प्रेमाविषयी जे काही सांगितले आहे त्याचे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण याच पत्रात, तेराव्या अध्यायात, आहे. कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. हे सारे यवन ग्रीकच होते काय याविषयी मतभेद असले तरी पश्चिमेचा समुद्र आणि मावळचे घाट यांच्यामध्ये त्या काळी व्यापाराची रहदारी होती, एवढे निश्चित. यावरून येशू हिंदुस्थानात येऊन बौद्ध भिक्खूंपाशी शिकला, अशा कथा रचणारे लोक आहेत. आम्हास त्या कथा मान्य नाहीत. त्यांस पुरावा नाही, आणि धम्माचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी त्यांची गरजही नाही. दोन विचार एकाच काळी दोन ठिकाणी नांदत होते, एवढेच म्हणावे आणि दोन्ही नीट वाचावेत.

प्रथम शब्द पाहू, कारण अर्धा घोटाळा शब्दांतच आहे. ग्रीक भाषेत प्रेमाला अनेक शब्द होते. स्त्रीपुरुषांच्या ओढीला एक, मित्रांच्या स्नेहाला दुसरा. नव्या कराराच्या लेखकांनी मात्र 'अगापे' हे नाम पुढे आणले, जे पूर्वीच्या ग्रीक वाङ्मयात क्वचितच आढळते. लॅटिनमध्ये त्याचे 'कारितास' झाले आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात पौलाच्या त्या अध्यायात 'चॅरिटी'. पुढे चॅरिटी म्हणजे धर्मादाय असा अर्थ रूढ झाला, आणि देणाऱ्याचा हात वर व घेणाऱ्याचा हात खाली हे चित्र त्या शब्दाला चिकटले. मिशनच्या दवाखान्यात व शाळेत गेलेल्या आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे चित्र अपरिचित नव्हते. त्या उपकाराची किंमत आम्ही कमी करीत नाही. ज्या काळी गावची शाळा आमच्या मुलांना वऱ्हांड्यात बसवीत होती, त्या काळी मिशनच्या शाळेने त्यांच्या हाती पाटी दिली. पण पौलाला अभिप्रेत असलेला शब्द दानधर्माचा नव्हता.

मराठीत नव्या कराराचे पहिले भाषांतर विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये निघाले. याच पुणे जिल्ह्यात, केडगावच्या मुक्तिसदनात, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज प्रचलित असलेल्या मराठी बायबलात 'अगापे'साठी 'प्रीती' हा शब्द आहे. पालीच्या अभ्यासकाला येथे थांबावे लागते. पालीतील 'पीति' हा त्याच धातूचा शब्द. परंतु तो दुसऱ्यावरील प्रेमाचा वाचक नाही. तो साधनेत उत्पन्न होणाऱ्या आनंदाचा वाचक असून सात बोध्यंगांपैकी एक आहे. आणि 'प्रेम' या शब्दाचे पाली रूप 'पेम' याला तर धम्मपदाच्या पियवग्गात शोकाचे व भयाचे कारण म्हटले आहे. ज्याच्यावर जीव जडला ते हरपले की शोक होतो, हा त्याचा आशय. म्हणून जो कोणी पाली ग्रंथांत 'प्रेम' हा शब्द शोधील, त्याला धम्म प्रेमाविरुद्ध आहे असेच वाटेल. ज्या अर्थाने ख्रिस्ती माणूस प्रीती म्हणतो, त्याच्या सर्वांत जवळचा आपला शब्द आहे 'मेत्ता', मैत्री.

आता पौलाचे पत्र. हा अध्याय विवाहप्रसंगी वाचला जातो, त्यामुळे तो पतिपत्नींच्या प्रेमाविषयी आहे असा समज पसरला आहे. वस्तुतः तो भांडणातून जन्मला आहे, आणि त्यातले एक भांडण जेवणाच्या पंक्तीचे होते. करिंथच्या मंडळीत धनिकही होते आणि गुलाम व मजूरही. स्मरणाच्या सामुदायिक भोजनास सगळे जमत, पण धनिक आधी बसून खात-पीत आणि कामावरून उशिरा येणाऱ्या गरिबांच्या वाट्याला काही उरत नसे. याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने त्यावरून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. त्यानंतर दोनच अध्यायांनी प्रीतीचे विवेचन येते. देवदूतांची भाषा बोलता आली, सर्व ज्ञान लाभले, सर्वस्व वाटून टाकले, देहही अर्पण केला, तरी प्रीती नसेल तर ते सारे व्यर्थ, असा त्याचा आशय. ज्याच्या मनात ते पंक्तीचे दृश्य आहे त्याला हा अध्याय भावगीतासारखा लागत नाही. एकत्र जेवण्याच्या कसोटीवर उतरलेल्यांना केलेला तो प्रश्न आहे.

पंक्तीचा हा विषय पौलाला नवा नव्हता. अंत्युखिया येथे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र हा आधी परराष्ट्रीयांबरोबर जेवीत असे. पण यरुशलेमेहून काही कर्मठ मंडळी आली तेव्हा तो बिचकून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग त्याने स्वतःच नमूद केला आहे. रोटीव्यवहार हा शब्द आमच्या पिढ्यांच्या अंगावर उमटलेला आहे. त्यामुळे हा प्रसंग आमच्या वाचकांस युरोपातील वाचकांपेक्षा अधिक लवकर कळेल असे आम्हास वाटते.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्टही अशीच बोथट करून सांगितली जाते. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला पाहून याजक बाजूने निघून जातो, लेवीही निघून जातो, आणि शोमरोनी मात्र त्याच्या जखमा बांधतो. वाटेत कोणी जखमी दिसला तर मदत करावी, एवढेच तात्पर्य मुलांना शिकवितात. परंतु शोमरोनी हे ज्यूंच्या दृष्टीने भ्रष्ट, दूर ठेवण्यासारखे लोक होते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा जुन्या करारातील लेवीयाच्या पुस्तकातली. माझा शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने विचारले असता येशूने ही गोष्ट सांगितली आणि ज्याला तो शास्त्री शिवलाही नसता त्यालाच शेजारी ठरविले. आपल्याकडे ही गोष्ट सांगायची तर पुरोहित निघून जातो आणि महारवाड्यातला माणूस थांबतो, अशीच सांगावी लागेल.

येथवर करिंथ आणि कार्ले फार दूर नाहीत. भेद पुढे येतो, आणि तो प्रीतीच्या उगमाविषयी आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात ईश्वरालाच प्रीतिस्वरूप म्हटले आहे. त्याने आधी माणसावर प्रीती केली म्हणून माणसाने माणसावर करावी, असा क्रम आहे. प्रीती ही तेथे आज्ञा आहे आणि ती वरून येते. तथागतांच्या धम्मात अशी आज्ञा देणारा कोणी नाही. मैत्री ही भावना आहे, म्हणजे उत्पन्न करावयाची, वाढवावयाची गोष्ट आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्गा'च्या नवव्या परिच्छेदात तिची रीत सांगितली: आरंभ स्वतःपासून, मग आदरणीय व प्रिय व्यक्ती, मग उदासीन व्यक्ती, मग वैरी, आणि शेवटी या सर्वांमधील सीमारेषा मोडणे. त्याने मैत्रीचे दोन शत्रू सांगितले आहेत. द्वेष हा दूरचा शत्रू, तो सहज ओळखू येतो. राग म्हणजे आसक्ती हा जवळचा शत्रू, तो मैत्रीचाच वेष घेऊन येतो. ख्रिस्ती शास्त्रातही प्रीती आपलेच पाहत नाही असे सांगितले आहे, परंतु आसक्ती आणि मैत्री यांची इतकी बारीक चिकित्सा तेथे आम्हास आढळली नाही.

वैऱ्यावर प्रीती करा, ही डोंगरावरील प्रवचनातील शिकवण पीडितांना सर्वांत जड जाते. मज्झिमनिकायातील ककचूपम सुत्त याहून सौम्य नाही. लुटारूंनी दुहेरी मुठीच्या करवतीने अवयव कापले तरी ज्याचे मन दूषित होईल तो माझे अनुशासन पाळणारा नव्हे, असे तेथे तथागत भिक्खूंना सांगतात. मग ज्याला पिढ्यानपिढ्या मारले त्यानेच मारणाऱ्यावर प्रेम करावे काय? हा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला आम्ही दोष देत नाही. त्याचे उत्तर ग्रंथापेक्षा इतिहासात शोधावे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषदेहून परतणाऱ्या आमच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी संतापलेल्या अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. पण ते तेथेच थांबले नाहीत. हल्लेखोरांवर खटला झाला, त्यांतल्या काहींना शिक्षा झाल्या. तळ्याच्या हक्काचा दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. हात आवरलेला आणि हक्क न सोडलेला, अशी ही वागणूक होती. दुसरा गाल पुढे करण्याचा अर्थ ज्यांनी गप्प बसणे असा लावला, त्यांनी येशूवरही अन्याय केला असावा.

आपल्या बाजूचीही एक गोष्ट लपवून ठेवता कामा नये. पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले एक छोटे पत्र आहे. अनेसिम नावाचा फिलेमोनाचा गुलाम पौलाकडे आला होता. पौल त्याला मालकाकडे परत धाडतो आणि त्याला गुलाम म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असे सांगतो. प्रीती आली, पण मालकीचा कागद फाटला नाही. हे वाचून हसण्यापूर्वी विनयपिटकातील महावग्ग उघडावा. ऋणको, राजाचा सैनिक आणि दास यांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तेथे आहे. त्याकाळच्या राज्यसत्तेशी केलेली ती तडजोड होती. संघात आल्यावर जातिगोत्र गळून पडत होते ही गोष्ट तितकीच खरी, आणि उपाली या न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली हे सर्वश्रुत आहे. तथापि दाराशी काही माणसे अडविली जात होती हेही इतिहासाने लिहून ठेवले आहे.

या पार्श्वभूमीवर मावळचे शिलालेख वाचावेत. कार्ल्याचे प्राचीन नाव वलूरक. तेथील एका लेखात नहपानाचा जावई उषवदात हा, चारही दिशांहून येऊन वर्षावासासाठी राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहाकरिता करजिक हे गाव दिल्याचे सांगतो. त्याच लेखात त्याने देव-ब्राह्मणांना सोळा गावे आणि प्रभास येथे ब्राह्मणांना आठ स्त्रिया दिल्याचेही अभिमानाने नमूद आहे. राजांच्या दानात असे सारे एकत्र असते. आमचे लक्ष मात्र लहान माणसांच्या लेखांकडे अधिक जाते. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने चैत्याचे एक द्वार दिले. तेथल्याच सामी नावाच्या सुताराने एक द्वार घडविले आणि आपले नाव कोरले. तळेगावजवळच्या शेलारवाडी लेण्यात तर धेनुकाकटच्या उसभणक नावाच्या हलकिय, म्हणजे नांगर धरणाऱ्या गृहस्थाची पत्नी सिअगुतणिका हिने आपला पुत्र नंद याच्यासह लेणे दान केल्याचा लेख आहे. शेतकऱ्याच्या घरातली बाई डोंगर कोरून देते आणि तिचे नाव दगडावर राहते. मनुस्मृतीच्या व्यवस्थेत हे दृश्य बसत नाही.

परंतु मैत्रीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा लेख सातवाहन राजा पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला आहे. अबुलामा येथे राहणारा, सेतफरणाचा पुत्र उपासक हरफरण याने नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांच्या स्वाधीन, चातुर्दिश संघाला दिला. पिता-पुत्रांची नावे इराणी वळणाची आहेत. दानाचा हेतू तो दोन भागांत सांगतो: मातापित्यांच्या सन्मानासाठी, आणि सर्व सत्त्वांच्या हितसुखासाठी. यात ईश्वराची कृपा मागितलेली नाही, पापाची क्षमा मागितलेली नाही, आपल्या पंथाचा जय मागितलेला नाही. सुत्तांत मैत्रीचे वर्णन येते ते एक दिशा मैत्रीने भरावी, मग दुसरी, तिसरी, चौथी, असे; आणि येथे दान घेणारा संघही चार दिशांचा आहे. या दोहोंचा दुवा लेख कोरणाऱ्याच्या मनात होता असा दावा आम्ही करीत नाही, पण वर्षावासात मंडपात बसून सुत्त म्हणणाऱ्या भिक्खूच्या कानी दोन्ही शब्द पडत असणार.

कार्ल्यापासून पूर्वेला रेल्वेने गेले की याच मावळात तळेगाव दाभाडे लागते, जेथे बाबासाहेबांचा बंगला होता. आणि त्याच्या पुढे देहूरोड, जेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. ज्या दिवशी जगभरचे ख्रिस्ती येशूचा जन्म साजरा करतात तीच ही तारीख, आणि १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली तीही हीच. बाबासाहेबांनी ख्रिस्ती शास्त्र वरवर वाचले नव्हते. १९३८ च्या जानेवारीत सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना, धर्मांच्या तौलनिक अभ्यासात आपल्याला दोनच व्यक्तींनी मोहिनी घातली, बुद्ध आणि ख्रिस्त, असे त्यांनी सांगितले. आणि लगेच दक्षिणेतील चर्चमध्ये जात पाळली जाते, ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढलेला नाही, हेही तेथेच ऐकविले. आरोप नवा नव्हता. १८३३ मध्येच कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद तत्काळ सोडला पाहिजे असे फर्मान काढले होते, आणि त्यावरून दक्षिणेत मोठी खळबळ झाली होती. करिंथची पंक्ती अठराशे वर्षांनी तंजावरात पुन्हा मांडली गेली होती.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रेम पुरेसे नाही, मैत्री हवी, असे प्रतिपादिले आहे. कारण मैत्री मनुष्यमात्रापुरती न थांबता सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. हरफरणाच्या लेखातले 'सर्व सत्त्व' हेच. पण त्यांच्या विवेचनात आणखी एक गोष्ट आहे. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता टिकत नाहीत असे ते मानीत, आणि ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. म्हणजे मैत्री ही त्यांच्यासाठी समाजाच्या घडणीची गोष्ट होती. आसनावर बसून मनात मैत्री भरावी आणि उठल्यावर पंक्ती वेगळ्या मांडाव्यात, हे त्यांना चालले नसते.

याच मावळात एका ख्रिस्ती साधकाने उलट दिशेने प्रवास केला. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग सुरू झाल्यावर लोणावळे-खंडाळ्याच्या थंड हवेत युरोपीय लोक आणि त्यांच्यामागून ख्रिस्ती संस्था आल्या. १९७८ मध्ये येशूसंघी धर्मगुरू अँथनी डिमेलो यांची 'साधना' ही संस्था पुण्याहून लोणावळ्यास आली. १९३१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या डिमेलो यांनी सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना शिबिरात साधना केली होती. त्याच १९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या 'साधना' या पुस्तकाचा आरंभ श्वासाच्या आणि देहातील संवेदनांच्या जागरूकतेपासून होतो. प्रीतीविषयी त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपण ज्याला प्रेम म्हणतो ती बहुधा आसक्ती असते, समोरचा माणूस जसा आहे तसा स्पष्ट दिसू लागला की आसक्ती सुटते आणि जे उरते तेच प्रेम. बुद्धघोषाचा 'जवळचा शत्रू' वाचकांच्या ध्यानी आलाच असेल. डिमेलो १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे वारले. २४ जून १९९८ रोजी रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने त्यांच्या लेखनाविषयी अधिकृत सूचना काढली. आत्मसंयमाला उपकारक असे पौर्वात्य ज्ञान त्यांच्या लेखनात आहे हे तिने मान्य केले. पण पुढील लेखनात ते ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर गेले आणि येशूला अनेक गुरूंपैकी एक मानू लागले, असा ठपका ठेवला.

या निर्णयाबद्दल रोमला दोष देणे आम्हास योग्य वाटत नाही. रोमने भेद बरोबर ओळखला. प्रीतीचा उगम ईश्वरातून काढून जागरूकतेत ठेवला की ख्रिस्ती धर्माचा पाया हलतो. तसाच मैत्रीचा उगम कोणा ईश्वराच्या कृपेत ठेवला की धम्माचा पाया हलतो. भेद झाकून केलेल्या सलोख्यापेक्षा भेद ओळखून केलेला शेजार टिकाऊ असतो. मळवलीच्या दक्षिणेस भाज्याच्या डोंगराखाली त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे 'सद्धम्म प्रदीप' हे शिबिरकेंद्र उभे राहिले आणि तेथे आनापानाबरोबर मैत्रीभावना शिकविली जाऊ लागली. लोणावळ्याचे ख्रिस्ती साधक आणि भाज्याचे बौद्ध उपासक, दोघेही एकाच लोकलने येत असत.

मात्र एका ठिकाणी आमच्या मैत्रीची परीक्षा अजून बाकी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले आमचे भाऊबंद बाहेर राहिले. एका आजोबांची नातवंडे, एकाच वस्तीत राहणारी, एकाच आडनावाची. एकाला दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही. आधीच अपुऱ्या असलेल्या वाट्यात आणखी वाटेकरी नकोत, असे आमच्यातले काही जण उघड म्हणतात. वाटा अपुरा आहे ही गोष्ट खरी असून ती भीती खोटी नाही. पण तो वाटा वाढवून मागण्याची मागणी एकत्र करता येते; आणि करिंथच्या धनिकांनी उशिरा येणाऱ्यांसाठी काही ठेवले नाही, ते वाचून ज्याला राग आला, त्याने आपल्या ताटाकडेही पाहावे.

पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षाचा तो लेख अखेरच्या ओळींत आणखी एका दात्याची नोंद करतो. बुद्धरक्षित नावाच्या माणसाची आई, उपासिका, तिने त्या मंडपासाठी दान दिले. लेखातील 'पथ' या शब्दावरून ते बहुधा एका वाटेचे असावे. तिचे स्वतःचे नाव लेखात नाही.